पुढची तारीख

उभं राहून राहून ज्योत्स्नाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि ती नेमकी त्याच्यासमोरच आली.

एप्रिल संपत आला होता. जळगावात दुपारचं ऊन असं, की डांबर चपलेला चिकटावं. सरकारी कचेरीसमोर लोखंडी कठडे लावलेले – अलीकडे खाकी वर्दी, पलीकडे विरलेल्या मांडवाखाली बसलेली दोन-अडीचशे मुलं-मुली. एका खात्याच्या भरतीचा पेपर परीक्षेआधीच बाहेर आला होता आणि ज्यांनी वरपर्यंत पैसे चारले त्यांचीच नावं निवड यादीत लागली होती, असं त्यांचं म्हणणं. शहरात ते कुणालाच खोटं वाटत नव्हतं. ज्योत्स्नालाही नाही. पण तिच्या वाटण्याला कोण विचारतं? ती महिला पोलीस शिपाई होती. कठड्यापाशी उभं राहायचं, एवढंच तिचं काम.

“मॅडम, कठडा धरा,” पलीकडून कुणीतरी हळूच म्हणालं. “तुम्ही पडलात तर गुन्हा आमच्यावर दाखल होईल.”

तिनं कठडा धरला. हात पोळला, पण तोल सावरला. समोर एक उंच, सावळा तरुण... आठवडाभराची दाढी, हातात ताकाचा स्टीलचा पेला.

“घ्या.”

“ड्युटीवर आंदोलकांकडून काही घेता येत नाही.”

“बरं.” त्यानं वाकून पेला कठड्याच्या पायाशी, बरोबर तिच्या बाजूला ठेवला. “मग हा मी इथं विसरलो. बेवारस वस्तू पोलिसांनी ताब्यात घ्यायची असते – एवढं तरी आमच्या अभ्यासात आलंय.”

आणि पाठ फिरवून तो मांडवात जाऊन बसला. ज्योत्स्ना हसली नाही. दोन मिनिटं तिनं इकडंतिकडं पाहिलं... मग पेला उचलला. ताकात जिरं होतं, आणि मीठ अगदी बेतानं.

त्याचं नाव ललित महाजन. भडगावचा. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. आई, कुंदाबाई, अंगणवाडीत मदतनीस. हे सगळं त्यानं तिला एकदम नाही सांगितलं. रोज थोडं थोडं, कठड्याला टेकून, दुसरीकडेच बघत सांगायचा. तीही समोरच्या गर्दीवर नजर ठेवून विचारायची.

“पोलीस भरती नाही दिली कधी?”

“दोनदा. छाती दीड सेंटीमीटर कमी भरली.”

“फुगवून दाखवायची असते.”

“फुगवलेलीच सांगतोय.”

या वेळी मात्र ती हसली... तोंड वळवून, शिट्टीच्या दोरीशी चाळा करत.

“तुम्ही कुठल्या?” त्यानं विचारलं.

“शिंदखेड्याकडची.”

त्याचा चेहरा एकदम उजळला. “मंग अहिराणी येस ना?”

“घरमा बोलतस,” ती म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली. सहा वर्षांच्या नोकरीत वर्दी अंगावर असताना ती अहिराणी कधी बोलली नव्हती. बांधलेले केस भर रस्त्यात मोकळे सोडल्यासारखं वाटलं.

तिचे वडील, निंबा सोनवणे, सूतगिरणीत कामाला होते. गिरणीला टाळं लागलं त्याच साली ज्योत्स्ना भरती झाली. तेव्हापासून घर तिच्या पगारावर. धाकट्या डिंपलचं नर्सिंगचं शिक्षणही त्यातच. म्हणून ती नोकरीला देवासारखी जपायची. बूट रात्री पॉलिश करून झोपायची, साहेबांच्या हाकेला दुसरी हाक लागू द्यायची नाही.

मेहरूण तलावाजवळ तिची आणि रूपालीची – तीही पोलिसातच – मिळून एक खोली होती. पहाटे ज्योत्स्ना तलावाकाठी धावायला जाई. मे महिन्यातल्या एका पहाटे पाहते, तर ललित समोरून धावत येतोय. येतोय कसला... कमरेवर हात ठेवून धापा टाकतोय.

“तुम्ही रोज धावता?”

“आजपासून.”

“छातीसाठी?”

“हं,” तो म्हणाला. मग श्वास जुळवत, पाण्याकडे बघत... “म्हणजे, छातीत जे होतंय त्यासाठी.”

ती तशीच पुढे धावत गेली. पण दुसऱ्या दिवशी ती पाच मिनिटं लवकर आली, आणि तो तिच्याही आधी येऊन बसला होता.

असे पंचवीस-एक दिवस गेले. तलावात पाणी कमी होत गेलं, काठाचा चिखल वाळून भेगाळला. दोघं एक फेरी धावत आणि दोन फेऱ्या चालत. एका रविवारी त्यानं तिला स्टँडजवळच्या खाणावळीत नेलं.

“फौजदारी डाळ मागवू?” त्यानं विचारलं. “की तुमच्यासमोर नाव घेणं बरं नाही?”

“का, भीती वाटते?”

“डाळीची नाही वाटत.”

त्याच जेवणात कधीतरी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. दोघांनाही ते कळलं, आणि दोघांनीही न कळल्यासारखं केलं.

इकडे कठड्यापलीकडची गर्दी वाढत होती. आधी नुसती परीक्षेची मुलं होती. मग चार महिने मानधन न मिळालेल्या अंगणवाडीच्या बाया आल्या. कापसाच्या जिनिंगमधून घरी बसवलेले कामगार आले, रिक्षावाले आले, हप्ते देऊन देऊन कावलेले हातगाडीवाले आले. प्रत्येकाचं गाऱ्हाणं वेगळं होतं, पण बोट एकाच दिशेला – वर बसून खाणाऱ्यांकडे. जूनमध्ये एक दिवस ठरला. सगळ्यांचा मिळून मोठा मोर्चा.

आदल्या दिवशी ज्योत्स्नाच्या ठाण्यात बंदोबस्ताच्या सूचना झाल्या. कचेरीचं गेट उघडायचं नाही. दोननंतर एकालाही उभं राहू द्यायचं नाही. बाहेरून जादा कुमक येणार. हे बाहेर बोलायचं नसतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. संध्याकाळी तिनं त्याला तलावावर बोलावलं.

“उद्या नको येऊ.”

“का?”

“नको म्हणते ना.”

“मन्ही माय येणार शे, ज्योत्स्ना. बठ्ठा येणार शेतस. मी कसा नही येऊ?”

“मग पुढे राहू नको. दोनच्या आत मायला घेऊन नीघ.”

त्यानं मान हलवली. जाताना पहिल्यांदाच त्यानं तिचा हात धरला... क्षणभरच. तिच्या तळहाताला लाठी धरून धरून घट्टे पडले होते. ते त्याला लागले असतील, या विचारानं ती वाटभर संकोचत राहिली.

दुसऱ्या दिवशी दोन कधी वाजले, कुणाला कळलंच नाही. दहा-बारा हजार माणूस. गेटच्या आतून निवेदन घ्यायलाही कुणी बाहेर येईना. मागून रेटा आला, कठडे करकरले. कुठून तरी पहिला दगड आला, शिट्ट्या वाजल्या आणि लाठ्या सुरू झाल्या. बाया पळायला लागल्या. ज्योत्स्नासमोरच एक पन्नाशीची बाई कठड्यात पाय अडकून अलीकडे पडली. गुलाबी साडी, हातात मानधनाचा फलक. तिला उचलायला ज्योत्स्ना वाकली, आणि डाव्या भुवईवर काहीतरी फुटल्यासारखं झालं.

“पोरी, तुले लागनं का?” खाली पडलेली बाईच तिला विचारत होती.

मग तिनं पाहिलं ते एवढंच – ललित कठड्यावरून उडी टाकून, दोन्ही हात पुढे करून तिच्याकडे धावत येतोय. “माय!” असं ओरडतोय, की “ज्योत्स्ना!”... ते तिला नंतर कितीही आठवून आठवलं नाही.

भुवईवर चार टाके पडले. दवाखान्यात साहेब स्वतः आले. वाईट माणूस नव्हता. तिच्यासाठी नारळपाणी घेऊन आला होता. “तुझी फिर्याद घ्यावी लागेल, ज्योत्स्ना. कर्तव्यावर असताना दगडफेक, सरकारी कामात अडथळा. इथं सही कर, बाकी आम्ही बघतो.” कागदावर आरोपींच्या जागी तेव्हा नुसतं ‘जमावातील इसम’ एवढंच होतं. डोकं ठणकत होतं. तिनं सही केली.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात गेली तेव्हा बत्तीस नावं भरलेली होती. चित्रफीत पाहून पाहून काढलेली. सातवं नाव – ललित तोताराम महाजन. चित्रफीत वरच्या मजल्यावरून घेतलेली. तीत खाली पडलेली बाई कठड्याआड झाकली गेली होती. दिसत होतं ते एवढंच, की एक उंच तरुण कठडा ओलांडून, हात उगारल्यासारखे करून, एका जखमी महिला पोलिसावर धावून जातोय.

ललितला पहाटेच भडगावहून उचलून आणलं होतं.

“साहेब,” ती म्हणाली, “तो मारायला नव्हता आला. तो... उचलायला येत होता.”

साहेबांनी चष्मा काढला. “तुला कसं माहीत?”

तिचा हात भुवईवरच्या पट्टीकडे गेला.

“हे बघ पोरी. असं लिहून द्यायचं तर दे. पण मग मला विचारावं लागेल, की तू त्याला ओळखतेस का. कधीपासून? आदल्या दिवशी संध्याकाळी मेहरूणला तुम्ही दोघं दिसलात, असं कुणी म्हणालं तर? बंदोबस्ताच्या सूचना बाहेर गेल्या असं निघालं तर? नोकरी जाईल तुझी. घरी कोण कोण आहे?”

तिनं सांगितलं.

“मग जा. आराम कर दोन दिवस.”

ती गेली. खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रूपालीनं ताट आणून ठेवलं, उचलून नेलं. घरून फोन आला तेव्हा वडील म्हणाले, “जपीन ऱ्हाय बेटा,” आणि ती “हाव” म्हणाली. आठ दिवस ललित आत होता. त्यातले सहा दिवस ती वर्दी घालून त्याच ठाण्यात हजेरी लावत होती.

जामीन झाल्यावर तो तलावावर आला. वाळला होता. तिच्या भुवईकडे बघत म्हणाला, “टाके नीट घातलेत.”

“फिर्याद माझ्या नावावर आहे,” ती म्हणाली.

“वाचली मी. वकिलानं नक्कल दिली.” तो हसला, पण ते हसू पाहवेना. “तुझं आणि माझं नाव एका कागदावर छापून यावं, असं फार वाटायचं मला... आलं बघ.”

ती रडली. आठ दिवसांचं एकदम रडली. त्यानं हात लावला नाही. चार हातांवर उभा राहिला, कारण लोक फिरत होते.

“मी लिहून देते खरं काय ते.”

“नको. तुझी नोकरी गेली तर तुझं सगळं घर उपाशी राहील. माझ्याकडे नोकरीच नाही, तर माझं जाणार काय?”

तिनं ऐकलं. त्याचं ऐकलं म्हणून ऐकलं, की आतून थोडं सुटल्यासारखं वाटलं म्हणून – हे तिनं पुढे स्वतःला खूपदा विचारलं. उत्तर चांगलं नव्हतं.

आणि मग सप्टेंबरात आंदोलन जिंकलं. खरंच जिंकलं. जुनी यादी रद्द झाली, उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या, नवी यादी लागली. ललित महाजन – अकरावा.

त्याच आठवड्यात कुंदाबाई ठाण्याच्या फाटकाशी आल्या. कापडी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून त्यांनी ज्योत्स्नाच्या हातावर ठेवला.

“ओळखलं का? त्या दिवशी तू उचललं मला. खूण उरली का ग कपाळावर?” त्यांनी बोटानं तिची भुवई चाचपली. “पोरगा लागला माझा. आता पोलिसांचा चारित्र्याचा दाखला तेवढा राहिला. केस आहे म्हणतात त्याच्यावर... पण त्यानं तर काहीच केलं नव्हतं, हो ना? तू तर तिथंच होतीस.”

ज्योत्स्नानं पुडा तसाच हातात धरून ठेवला. त्या बाईला माहीतच नव्हतं ती केस कुणाची आहे ते.

त्या दुपारी तिनं जबाब लिहिला. स्वच्छ अक्षरात, एका पानाचा. सदर इसम मला व पडलेल्या महिलेला मदत करण्यासाठी कठडा ओलांडून आला, त्याने कोणतीही मारहाण केली नाही. इथवर सगळं खरं. पण साहेबांचे प्रश्न तिच्या कानात होते. ओळखीच्या माणसासाठी पोलिसानं दिलेल्या जबाबाला किंमत राहत नाही, हे तिला कळत होतं. म्हणून शेवटची ओळ तिनं लिहिली – तो माझ्या ओळखीचा नाही.

साहेबांनी वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबले. तिच्याकडे पाहिलं.

“हे तीन महिन्यांनी आठवलं?”

“हो साहेब.”

“दोषारोपपत्र कोर्टात गेलंय. हा कागद मी पाठवतो, पण त्यानं आता काही थांबत नाही. जे सांगायचं ते साक्षीच्या वेळी सांग.”

“साक्ष कधी होईल?”

“तारीख लागेल तेव्हा. चार वर्षं... पाच.”

दाखल्यावर शेरा पडला – गुन्हा प्रलंबित. महिनाभर ललितनं खेटे घातले. मग त्याच्या जागी यादीतला पुढचा माणूस घेतला गेला. पुढच्या भरतीला त्याचं वय बसत नव्हतं. ज्योत्स्नाची बदली धुळ्याला झाली. कारण लिहिलं होतं ‘प्रशासकीय’.

डिसेंबरात तो सुरतेला निघाला. कापड बाजारात, एका गाववाल्याच्या ओळखीनं. गाडी धुळ्यावरून जाणार होती. स्टँडवर वीस मिनिटं मिळाली. थंडी होती, हातात चहाचे कप होते, तरी दोघांच्याही बोटांना ऊब येत नव्हती.

“वकील म्हणतो, तुझी साक्ष हाच एक आधार,” ललित म्हणाला. “फिर्यादीच म्हणाली की यानं मारलं नाही, तर सुटतो मी. पण आपली ओळख निघता कामा नये. फोन, मेसेज, भेट... सरकारी वकिलानं कॉलची यादी मागवली की संपलं. ठरवून साक्ष दिली म्हणतील.”

“म्हणजे?”

“म्हणजे साक्ष होईपर्यंत तू मला ओळखत नाहीस.”

ती कपातल्या चहाकडे बघत राहिली. त्यावर साय धरली होती. “आणि मी वाट बघितली तर?”

“तिसाच्या पुढं जाशील.”

“ते मी बघेन.”

कंडक्टरनं घंटी दिली. तो चढला. खिडकीतून काही म्हणणार होता... म्हणाला नाही. त्याच संध्याकाळी दोघांनी एकमेकांचे नंबर पुसून टाकले.

समन्स यायला सव्वा वर्ष लागलं. त्या मधल्या काळात डिंपल नर्स झाली, तिचं लग्नही झालं. ज्योत्स्नासाठी दोन स्थळं आली. तिनं नाही म्हटलं, कारण सांगितलं नाही. वडील बोलायचे बंद झाले.

मार्चमध्ये ती धुळ्याहून जळगावला कोर्टात आली. वर्दीत. लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना बाकडी. एका बाकड्यावर ती बसली. समोरच्या दोन बाकड्यांवर आणि भिंतीशी उकिडवे, एकतीस आरोपी. बत्तिसावा, एक म्हातारा हमाल, मध्येच वारला होता. ललित खांबापाशी उभा होता. कानशिलावर पांढरे केस. शर्टाला सुताचे धागे चिकटलेले. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तिनंही नाही.

पुकारा झाला, न्यायाधीश रजेवर निघाले, तारीख पडली. जूनची. जूनमध्ये सरकारी वकील आले नाहीत. सप्टेंबरची पडली. सप्टेंबरात ती पुन्हा आली. बसायला जागा नव्हती, म्हणून खांबाला टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं खांबाच्या पलीकडून आवाज आला.

“जेवनी का?”

तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. ललित कानाला फोन लावून उभा होता. तिच्याकडे पाठ. फोनचा पडदा काळा होता.

ज्योत्स्नाचा हात खिशात गेला. तिनं आपला फोन काढला, काहीच न दाबता कानाला लावला.

“हाव,” ती समोरच्या भिंतीला म्हणाली. “तू?”

“गाडीत खाल्लं काहीतरी.”

“वाळलास.”

“तिथं पोळ्या पातळ करतात.” मग, पाठ न वळवता, “घरी लग्नाचं काय म्हणतात?”

“म्हणतात खूप. मी सांगितलं, तारीख लागायची आहे.”

तो हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं ते हसू ऐकलं. शेजारून एक वकील झपाझप निघून गेला. दोघं त्याचे बूट लांब जाईपर्यंत गप्प राहिले.

“एक सांगायचं राहिलं होतं,” तो फोनमध्ये म्हणाला. “बसच्या खिडकीतून सांगणार होतो... माले तू आवडस. पहिल्या दिवसपासून.”

समोर पाणपोईशी बाया ओंजळीनं पाणी पीत होत्या. वर्दीत रडायचं नसतं; ती पाण्याच्या धारेकडे बघत राहिली.

“माले माहीत शे,” ती म्हणाली. “माले बी.”

एवढ्यात दार उघडलं. शिपायानं कागद बघून बत्तीसच्या बत्तीस नावांचा पुकारा केला, मेलेल्याचाही. मग म्हणाला, “साक्ष आज नाही. पुढची तारीख वीस जानेवारी.”

आरोपींमध्ये गलका झाला. एक रिक्षावाला कपाळाला हात लावून खालीच बसला. त्याचा दिवस बुडाला होता, मागचे कित्येक बुडाले होते. ज्योत्स्नालाही वाटायला हवं होतं ते वाटलं – अजून चार महिने, अजून त्याचं नाव त्या कागदावर. पण त्याच्या आधी, अगदी पहिल्यांदा, तो पुन्हा दिसायला किती महिने, ते तिनं मनातल्या मनात मोजलं होतं. साक्ष झाली की तो सुटेल. न झाली तर जानेवारीत तो पुन्हा या खांबापाशी उभा असेल. आपण नेमकं काय मागतोय, ते तिला सांगता आलं नसतं.

“वीस जानेवारी,” पलीकडून आवाज आला.

“ऐकलं मी.”

“थंडी असेल. स्वेटर घालून ये.”

“बरं. ठेवू?”

“ठेव.”

आणि दोघांनी ते फोन, ज्यांच्या पलीकडे कुणीच नव्हतं, खिशात ठेवले.